पटाशीच्या दाताची दुरुस्ती

वाचकहो, आपल्या घरांत एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते : "आता या वयात कशाला?" मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते कोणी म्हणत नाही. गुडघ्याच्या बाबतीत थोडी कुरकुर होऊन ते मागे पडते. मात्र समोरच्या तुटक्या, झिजलेल्या किंवा काळवंडलेल्या दाताचा विषय निघाला की ते हमखास पुढे येते. दाढ ठणकत असेल तर मुले रजा टाकून दवाखान्यात नेतात. दात दुखत नाही, केवळ वाईट दिसतो, असे म्हटले की तो विषय हौसेच्या सदरात जमा होतो. कित्येकदा तर मुलांनी म्हणण्याच्या आधी आपणच ते वाक्य म्हणून मोकळे होतो.

ज्या उपचाराविषयी मी येथे लिहीत आहे त्याला दंतवैद्य 'बॉन्डिंग' म्हणतात. दाताच्याच रंगाचे एक मऊ द्रव्य दातावर चिकटवायचे, त्याला आकार द्यायचा आणि विशिष्ट निळ्या प्रकाशाने ते कडक करायचे, एवढेच त्याचे स्वरूप. टवका उडालेला कोपरा, दोन दातांमधील फट, झिजून आखूड झालेली कड, घासून न जाणारा डाग, हिरडीलगत पडलेली खाच अशा गोष्टींसाठी तो केला जातो. मी निवृत्त शिक्षक आहे, वैद्य नव्हे. माझ्या एका दातावर आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या दातांवर हा उपचार झाला. त्या निमित्ताने जे पाहिले आणि विचारून घेतले ते आपल्यापुढे ठेवतो.

माझ्या दाताची हकिकत अगदी साधी आहे. मांडीवर बसलेला नातू एकाएकी उसळून उठला, त्याचे डोके माझ्या हनुवटीवर आदळले आणि वरच्या पटाशीच्या दाताचा तांदळाच्या दाण्याएवढा कोपरा उडाला. रक्त आले नाही. थंड पाण्याने किंचित कळ जाई, तेवढेच. घरात कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. ध्यानात आले ते माझ्या एका मित्राच्या, ज्याची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. मी रोज दुपारी त्याला तासभर वाचून दाखवतो. तिसऱ्या दिवशी त्याने मला मध्येच थांबवले. "मास्तर, तुमच्या 'स'मध्ये वारा शिरलाय. काय झालं?"

चाळीस वर्षे मी मुलांना दंत्य वर्ण शिकवले. त, थ, द, ध, न, ल, स. जीभ दातांच्या मागे टेकते म्हणून ते दंत्य. 'व' दात आणि ओठ यांच्या मेळातून निघतो. 'चाक', 'जग', 'झाड' यांच्या आरंभीचे आपले खास मराठी उच्चारही जीभ दातांपाशी नेल्याखेरीज नीट उमटत नाहीत. दात ही उच्चाराची भिंत आहे, हे फळ्यावर लिहिताना मला ठाऊक होते. त्या भिंतीची एक वीट निखळली म्हणजे काय होते ते आता ऐकू आले. दाताचे 'केवळ दिसणे' असे काही वेगळे काढता येते, यावर त्या दिवसापासून माझा विश्वास राहिला नाही.

दंतवैद्य बाई वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी प्रथम तुटक्या दाताला हातच लावला नाही. मला कोणकोणती औषधे चालू आहेत ते विचारले, सगळ्या हिरड्या तपासल्या, दाताचा एक्स-रे काढला, थंड कापूस लावून दाताची नस जिवंत आहे की नाही ते पाहिले, आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात तेही पाहिले. समोरचे दात टोकाला टोक लावून आपटत असतील किंवा झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर जोडलेला तुकडा फार दिवस टिकत नाही, असे त्यांनी सांगितले. वाचकांपैकी ज्यांना हा उपचार करून घ्यायचा असेल त्यांनी ही पूर्वतपासणी आवर्जून मागावी. 'दहा मिनिटांत दात चकचकीत' असे म्हणून थेट हत्यार उचलणाऱ्याच्या खुर्चीत बसू नये. रस्त्याकडेला बसून 'फिक्स' दात लावणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. त्या द्रव्याखाली शेजारचे चांगले दात आणि हिरड्या सडताना अनेक घरांनी पाहिले आहे.

उपचाराला पाऊण तास लागला. भूल देण्याची गरज पडली नाही. दात कोरडा राहावा म्हणून आजूबाजूला कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या. तुटलेल्या कडेवर निळसर रंगाचा आम्लाचा लेप लावला व वीस-पंचवीस सेकंदांत धुऊन टाकला. तेवढ्याने दाताचे वरचे आवरण, म्हणजे इनॅमल, खडूसारखे निस्तेज पांढरे दिसू लागले. आरशात पाहून मी दचकलो तेव्हा बाईंनी समजावले : आम्लाने इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत पातळ चिकटद्रव्य शिरते आणि तेथेच घट्ट होते, भिंतीला गिलावा धरावा म्हणून गवंडी टाचे मारतो ना, तसे. मग ते चिकटद्रव्य लावले, त्यावर निळा प्रकाश टाकला. त्यानंतर कॉम्पोझिटचे थर, एकेक थर दोन मिलिमीटरपेक्षा पातळ, आणि प्रत्येक थरानंतर पुन्हा सुमारे वीस सेकंद प्रकाश. जाड थर एकदम दिला तर आतला भाग कच्चा राहतो. अखेरीस एक रंगीत कागद दातांखाली चावायला दिला. जेथे रंग गडद उमटला तो उंचवटा घासून काढला आणि दाताला झिलई दिली.

हे सारे इतके सहज झाले की यामागे काही इतिहास असेल असे मनातही येऊ नये. परंतु तो आहे आणि मला तो फार आवडला. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याच्या लक्षात आले, की कारखान्यांत धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फरिक आम्ल लावतात. तेच त्याने दाताच्या इनॅमलवर लावून पाहिले आणि १९५५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९६२ मध्ये राफाएल बोवेन यांनी तयार केलेल्या रेझिनचे पेटंट झाले. त्यात काचेचे अथवा सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळून आजचे कॉम्पोझिट बनते. रंगाऱ्याची युक्ती दंतवैद्याने उचलली आणि त्यामुळे दात जोडण्यासाठी दात कापण्याची गरज पुष्कळच कमी झाली. आपणा ज्येष्ठांच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे. कॅप बसवायची तर दात चहूबाजूंनी बराच घासावा लागतो, आणि एकदा घासलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. बॉन्डिंगमध्ये मूळ दात जवळजवळ तसाच राहतो. उद्या जोडलेला तुकडा निघालाच, तर आपण होतो तेथेच असतो.

रंगाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तेथे घरच्यांची आणि आपली फसगत होण्याचा संभव असतो. वयाबरोबर इनॅमल झिजून पातळ होते आणि त्याखालचा पिवळसर थर अधिक दिसू लागतो. म्हणून सत्तरीतला निरोगी दातही पिवळट असतो. तो अस्वच्छ असतो असे नव्हे. मला नेणाऱ्या मुलाने उत्साहाने सर्वांत पांढरा नमुना निवडला होता. बाईंनी तो बाजूला ठेवला. "काकांच्या बाकीच्या दातांत हा एकटाच ट्यूबलाइटसारखा चमकेल," त्या म्हणाल्या. त्यांनी खिडकीपाशी नेऊन, दिवसाच्या उजेडात, आणि दात ओला असतानाच रंग जुळवला. कारण दात कोरडा पडला की काही काळ तो असतो त्याहून उजळ दिसतो. ज्यांना सगळेच दात उजळ करून घ्यायचे असतील त्यांनी ते आधी करावे, बॉन्डिंग मागाहून. कॉम्पोझिटचा रंग उजळवण्याच्या औषधाने बदलत नाही. आणखी एक सूचना त्यांनी केली ती मला मोलाची वाटते. जुने छायाचित्र घेऊन या, हसताना काढलेले. दाताची मूळ लांबी, कडेची गोलाई, दोन दात किंचित एकमेकांवर आले असतील तर तेही त्यात दिसते. आमच्या पिढीत हसताना काढलेले छायाचित्र सापडणे हीच अडचण! लग्नाच्या छायाचित्रात मी न्यायालयात उभा असल्यासारखा आहे. शेवटी शाळेच्या सहलीतले एक सापडले.

आता अक्काविषयी. तिच्याचसाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

अक्का एकोणऐंशी वर्षांची. वाईजवळच्या एका गावात मुलाकडे राहते. लग्न झाल्यापासून ती मिश्री लावत आली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची ती पूड गावोगावच्या किती स्त्रियांच्या दिवसाची सुरुवात करते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ते दात घासणे समजले जाते. अक्काचे समोरचे दात काळपट झाले होते, दोन दातांच्या कडा झिजून करवतीसारख्या झाल्या होत्या आणि हिरडीलगत खोल खाचा पडल्या होत्या. गेली काही वर्षे ती पदराचे टोक तोंडाशी धरूनच बोलायची. पुढे बोलणेच कमी झाले. हळदीकुंकवाला जाईना, भजनात मागे बसू लागली. तिचा मुलगा म्हणे, "मामा, वय झालं तिचं, गप्प गप्प असते." वय वाढले की लोक गप्प होतात हे मला मान्य नव्हते, आमची आई नव्वदीतही कोणाला बोलू देत नसे.

माझा दात पाहून अक्काने एकदा मला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, "दुखलं का रे?" तो प्रश्न कशासाठी होता ते मी ओळखले. भाच्याची समजूत काढायला दोन महिने गेले. त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे नाही. पैसा त्याचा जाणार होता, आरोग्यविमा सौंदर्यासाठीच्या दंतोपचाराचा खर्च सहसा देत नाही, आणि शेतीच्या कामातून साताऱ्याला खेपा घालायच्या त्यालाच. पण एकदा तो तयार झाल्यावर एकही खेप त्याने चुकवली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बाईंनी अक्काचे तोंड तपासले आणि बॉन्डिंग करण्यास नकार दिला. "आज नाही," एवढेच म्हणाल्या. हिरड्या सुजलेल्या होत्या, दाबताच रक्त येत होते. अशा हिरडीलगत काही चिकटवले तर ते धरत नाही, आणि धरले तरी त्याखाली कीड वाढते. परंतु खरे कारण वेगळे होते. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूस, जेथे मिश्री साठून राहते नेमक्या त्याच जागी, एक पांढुरका, खरखरीत चट्टा होता. कापसाने पुसून तो जात नव्हता. दुखतही नव्हता. पदराआड तो किती वर्षे होता कोण जाणे. बाईंनी त्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला सांगितला.

तो आठवडा आमच्या घरात कसा गेला ते लिहीत नाही. गावातल्या चार जणांनी सांगितले, की तुकडा काढला की आजार पसरतो. वाचकहो, हा समज आपल्या आसपास फार खोलवर रुजलेला आहे आणि तो निराधार आहे. तुकडा काढल्याने कर्करोग होत नाही. न काढल्याने तो वेळेवर कळत नाही. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न जाणारा पांढरा अथवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये. अक्काच्या अहवालात कर्करोग नव्हता. मात्र अशा चट्ट्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते, मिश्री कायमची बंद झाली पाहिजे आणि दर तीन महिन्यांनी तपासणी झाली पाहिजे, असे स्पष्ट बजावण्यात आले.

साठ वर्षांची मिश्री एकोणऐंशीव्या वर्षी सुटते का? सुटली, पण तीन वेळा प्रयत्न करून. पहिल्या खेपेस डोके दुखू लागले, पोट साफ होईना, आणि पोट साफ होण्यासाठी मिश्री लागतेच अशी तिची श्रद्धा. डॉक्टरांनी पोटासाठी साधे औषध दिले. सुनेने पहाटे उठल्याबरोबर गरम पाणी आणि मऊ ब्रश हातात ठेवण्याचा नेम केला. डबी घरातून नाहीशी केली ती मात्र अक्काला सांगून, चोरून नव्हे. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तीही कामी येते. या सगळ्यात तिला ओढ होती ती एकाच गोष्टीची : बाईंनी सांगितले होते, की मिश्री सुटली आणि हिरड्या सुधारल्या, तर दात करून देईन. कर्करोगाच्या भीतीने जे झाले नसते ते दोन दातांच्या आशेने झाले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तज्ज्ञ मंडळींना हे शास्त्रीय वाटणार नाही, न वाटो.

चार महिन्यांनी, हिरड्यांची सफाई दोनदा झाल्यावर, वरच्या दोन पटाशीच्या दातांवर बॉन्डिंग झाले. हिरडीलगतच्या खाचा मात्र ग्लास आयोनोमर नावाच्या वेगळ्या सिमेंटने भरल्या. मुळाजवळ इनॅमल नसते, तेथे कॉम्पोझिटची पकड कमी असते आणि जागा कोरडी ठेवणेही अवघड जाते; हे सिमेंट तेथे बरे धरते व फ्लोराइडही सोडत राहते.

जे ज्येष्ठांची देखभाल करतात त्यांच्यासाठी या खेपांतून शिकलेल्या काही गोष्टी. औषधांची पूर्ण यादी, शक्यतो पाकिटांसह, बरोबर न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी दातासाठी परस्पर बंद करू नये. बॉन्डिंगमध्ये सहसा रक्त येतच नाही, आणि अन्य काही करायचे झाल्यास दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवावे. हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगावे. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या आणि मनावरील ताणाच्या अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की दाताच्या उघड्या मुळांना कीड झपाट्याने लागते, जोडलेल्या तुकड्याच्या कडेलाही. अशा व्यक्तीला घोट-घोट पाणी देत राहावे आणि फ्लोराइडयुक्त पेस्टच वापरावी. वेळ सकाळची घ्यावी, नाश्ता व गोळ्या झाल्यानंतरची. पाठीवर सपाट झोपल्याने धाप लागत असेल अथवा मान दुखत असेल, तर खुर्ची अर्धवट उभी ठेवायला सांगण्यात संकोच नको. अक्काला कमी ऐकू येते; मुखपट्टीमुळे बाईंचे ओठही दिसत नव्हते. म्हणून डावा हात वर केला की थांबायचे, अशी खूण आधीच ठरवली. ज्यांना स्वतः ब्रश करता येत नाही त्यांना खुर्चीवर बसवून, आपण मागे उभे राहून, त्यांचे डोके आपल्या छातीशी टेकवून दात घासावेत; समोरून घासण्यापेक्षा हे दोघांनाही सोपे जाते.

टिकण्याविषयी विचाराल तर साधारणतः पाच ते दहा वर्षे; काळजी आणि चावण्याच्या सवयी यांवर ते अवलंबून. डाग पडतात. चहा, कॉफी, हळद आणि तंबाखू ही त्याची कारणे, आणि पहिले दोन दिवस तर यांपासून दूरच राहावे. डाग वरवरचे असतील तर पुन्हा झिलई देता येते. टवका उडाला तर बहुधा तेवढाच भाग दुरुस्त होतो. ऊस सोलणे, सुपारी फोडणे, शिवताना दोरा दातांनी तोडणे, औषधाची पट्टी दातांनी फाडणे या गोष्टी बंद. फार मोठा तुकडा गेला असेल, दात हलत असेल किंवा कीड खोल असेल, तर बॉन्डिंगचा आग्रह धरू नये. खर्च गावागणिक आणि दवाखान्यागणिक बदलतो. दातागणिक किती, झिलईचे पुन्हा वेगळे का, हे आधी लिहून घ्यावे. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे वेळ जातो, खर्च पुष्कळ कमी होतो.

अक्का आता भजनात पुढच्या रांगेत बसते की नाही, हे सांगण्याचा मोह आवरतो. काही वेळा बसते, काही वेळा गुडघे दुखतात म्हणून भिंतीकडेला बसते. पदर तोंडाशी नेण्याची तिची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. हात अर्ध्यावर जातो आणि थांबतो. चट्टा पूर्वीपेक्षा फिकट झाला आहे, असे मागच्या खेपेस बाई म्हणाल्या. पुढची तपासणी श्रावणात आहे. भाच्याने तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली आहे, आणि त्याच चौकटीत स्वतःच्याही नावाची वेळ घेतली आहे.